कार्डावरचा पत्ता

प्रिय मुंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडू नकोस. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, दुकानाच्या फोनवरून लावला तर आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणून कागद घेतला. भांडण उकरून काढणार नाही. शेवटपर्यंत वाच, मग खुशाल केरात टाक.

मी अजून त्याच मोबाईलच्या दुकानात आहे. आज दुपारी काउंटरवर तुझे बाबा आले. फोटोतच पाहिलेले, तरी लगेच ओळखले. भुवया अगदी तुझ्या. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. कॉलेज अर्धवट सोडून पोरीच्या मागे लागलेला कुणी एक दिवटा आहे, एवढंच त्यांना ठाऊक. माझं डोकं तापलं. म्हटलं, आला आहे समोर तर सुनवावं चांगलं. पण ते काउंटरला टेकून उभे होते आणि दोन पायऱ्या चढून आलेल्या माणसाला लागू नये इतकी धाप लागली होती.

तू मागे त्यांना काढून दिलेलं ते प्रीपेड कार्ड फोनच्या वॉलेटमध्ये घालायचं होतं. फोन घेईना. हा फोनच नाटकी आहे, म्हणाले. मी म्हटलं, काका, फोन बिचारा बरोबर आहे. कार्ड काढताना जो पत्ता नोंदवलाय तोच इथे टाकावा लागतो, जरा वेगळा चालत नाही. ते घरचा पत्ता टाकत होते, आणि नाही म्हटलं की तोच पुन्हा, बटणं आणखी जोरात दाबून. आता पडद्यावर ताकीद आली होती: आणखी एकदा चुकलं तर कार्ड बंद. मदतीच्या नंबरावर फोन लावला तर तिथली बाई म्हणते, आधी नोंदवलेला पत्ता सांगा. तोच तर हवाय! मी तिच्यावर असा ओरडलो की मालक आतून बाहेर आला. तुझे बाबा शांतपणे म्हणाले, "ओरडून पत्ता आठवतो का रे?" तूच बोललीस असं वाटलं.

मी म्हटलं, कार्ड ज्यांनी काढलं त्यांना विचारा की. तर एकदम भडकले. पोरीला फोन करायचा नाही, तुला जमत नसेल तर दुसरं दुकान बघतो. आणि फोन उचलून निघालेच.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. कार्ड तू हॉस्टेलवर मागवलं असणार. तो पत्ता मी किती पाकिटांवर लिहिलाय, तुला माहीत आहे. टाकला तर मी पकडला जाणार. नाही टाकला तर दुसऱ्या दुकानात कुणीतरी चुकवणार आणि कार्ड कायमचं जाणार. मी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावलाच. खोली, मजला, मागची गल्ली, पिनकोड, सगळं एका दमात टाकलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मी श्वास रोखून बघत होतो. घेतलं एकदाचं!

मान वर केली तर ते फोनकडे बघतच नव्हते. "पिनकोडसुद्धा पाठ?" म्हणाले. मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "म्हणजे तो तूच." मी हो म्हटलं. वाटलं, आता बसते कानाखाली. पण ते बाकावर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर माझ्याकडून एक वचन घेतलं. मी मान डोलावली. ते वचन आता मोडतोय.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. स्टेशनमागचं मोठं हॉस्पिटल, तिसरा मजला. तुझी परीक्षा बुडेल म्हणून तुला कळू द्यायचं नाही, हेच ते वचन. वॉर्डात पाकीट जवळ ठेवू देत नाहीत, औषधांचे पैसे पडल्या पडल्या फोनवरून भरता यावेत म्हणून ही सगळी खटपट चालली होती. मी विचारलं, काका, सोबत कोण असणार? त्यांनी फोन वर करून दाखवला. मुंगे, हे पत्र उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल, कुरिअरवाल्याला तसा दम भरलाय. मिळेल ती गाडी पकड. तोवर बाहेरच्या बाकावर मी बसतो, त्यांनी हाकललं तरी उठणार नाही. तू आलीस की मात्र तुला एक शब्द बोलायला लावणार नाही, जिन्यानं खाली निघून जाईन. पण ये.

तुझाच,
भडकू