निशाणांवरचं घरटं

वातेस,
२० एप्रिल १९९१

चि. धिक लास्मी हिस,
अनेक आशीर्वाद. विशेष.

या ईदेला, लेबारानला, तू आली नाहीस. तुझ्या लग्नापासून पहिल्यांदाच. कार्नीनं तुझ्या वाटणीचे भाताचे केतुपात दोन दिवस झाकून ठेवले आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता शेजारी देऊन टाकले. तुझ्या वहिनीचं न बघणं काय असतं ते तुला ठाऊक आहे.

पण पत्र लिहायला बसलो ते पर्कुतुतमुळे, होल्यांमुळे. पाळलेले नव्हेत, रानातले. ओसरीवर माझी बांबूची चापिंग टोपी उलटी टांगलेली असते ना, जिच्यात मी होल्यांच्या गाण्याच्या स्पर्धेतली माझी पंचाची निशाणं ठेवतो, तिच्यात होल्यांच्या एका जोडीनं बिऱ्हाड थाटलं आहे. घरटं कसलं, निशाणांवर दहा-बारा काड्या आडव्यातिडव्या टाकल्या की झालं. कार्नी म्हणाली की दोघंही तुमच्यासारखेच मास्तर दिसतात, हातानं काम करायची सवय नाही. दोन अंडी आहेत. सकाळी नर समोरच्या पेरूवर बसून गातो, उन्हं वर आली की मादीला उठवून स्वतः अंड्यांवर बसतो.

मी रोज खुर्ची टाकून बसायचो आणि जन्माच्या खोडीनं त्याला गुण द्यायचो. पुढचा आवाज आखूड, मधला लंगडा, शेवटचा घुमारा तर नाहीच. रानटी पक्षी, एका निशाणाच्याही लायकीचा नाही. मंगळवारी चहात साखर ढवळायला मान खाली घातली आणि आवाज थांबला. वर पाहिलं तर तो गळा फुगवत होता आणि आवाज येत होता. पुन्हा मान खाली घातली, पुन्हा थांबला. सात-आठ वेळा मी हा खेळ करून पाहिला. मग कार्नीला विचारलं की हा मधेमधे थांबतो का गं. ती समोर येऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली की उजाडल्यापासून मेल्यानं दम घेतलेला नाही, रेडिओसुद्धा ऐकू देत नाही.

धिक, धाकटे, मला ऐकू येत नाही. होला चोच मिटून गातो, दिसतो तो फक्त गळा. गळा हलला की बाकीचं सगळं माझं डोकं चाळीस वर्षांच्या आठवणींतून भरून काढतं. आणि मी त्याला ऐकणं समजत होतो.

तेव्हापासून ऑगस्टमधलं बांतुलचं स्पर्धेचं मैदान डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझा नवरा सुवार्नो वारून दोन महिने झाले नव्हते. त्याचा होला, गुंतुर, घेऊन तू एकटी आलीस, स्वतः दोरी ओढून पिंजरा खांबावर चढवलास. मी खाली पाच मिनिटं उभा राहिलो. गळा हलला नाही, मी निशाण दिलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सगळ्यांसमोर म्हणालो की हा मुका आहे, मिरची लावून तळ आणि भाताबरोबर खा. लोक हसले. ते हसणं मात्र मला लख्ख ऐकू आलं होतं.

लेबारानला धाकट्यानं थोरल्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकून माफी मागायची, ही आपली रीत. यंदा ती उलटी करावी लागते आहे. मला लाज वाटते, लास्मी. गुंतुर बरा आहे ना, तेवढं कळव.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

तुझा,
प्रावोतो


क्लातेन,
२८ एप्रिल

ती. कांगमास यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, दादा. आधी वाटलं, उत्तरच पाठवू नये. आठ महिने मी ज्या रागावर जगले तो तुम्ही एका पाकिटात परत मागितलात. मग राग ओसरला आणि खाली जे निघालं ते तुमच्यापेक्षा माझ्याच तोंडाला काळं फासणारं आहे.

तुम्हाला ऐकू येत नाही हे तुम्हाला त्या मंगळवारी कळलं. आम्हाला तीन वर्षांपूर्वी कळलं होतं. आम्हाला म्हणजे बांतुलला पिंजरा टांगणाऱ्या झाडून सगळ्यांना. पण मास्तरांना सांगणार कोण? त्यातल्या निम्म्यांना तुम्ही छड्या मारून पाढे शिकवलेत. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचीच सोय होती. बाजारात पक्षी घेताना लोक त्याचा आवाज ऐकेनासे झाले, गळा बघू लागले. आमचे हे त्यांत सगळ्यांत पुढं. म्हणायचे की आवाज कसा का असेना, गळा बेडकासारखा फुगला पाहिजे, मग मेहुणे निशाण देतातच. कपाटावरच्या दोन्ही ट्रॉफ्या तशाच आलेल्या आहेत. घरी हे मान तिरकी करून तुमची नक्कल करायचे, आणि मी पोट धरून हसायचे. सख्खी बहीण.

अंथरुणाला खिळल्यावर ह्यांना ते खाऊ लागलं. म्हणाले की चोरी पुरे, एकदा खरा गाणारा गुंतुर वर चढव. गुंतुर म्हणजे गडगडाट, आणि आवाज नावाला शोभेल असाच. पण गळा हलेल तर शपथ! मी वेडी. मला वाटलं, बहिणीचा पक्षी आहे, शंका आली तर कुणाला तरी विचाराल. तुम्ही खांबाखाली उभे होतात, आणि तो वर जीव ओतून गात होता. कांगमास, तो गातोय, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर ट्रॉफ्यांचंही बिंग फुटलं असतं. म्हणून गप्प राहिले आणि दोष तुम्हाला देत राहिले.

त्याच संध्याकाळी मी पिंजऱ्याचं दार उघडलं. तो दोन दिवस जास्वंदीवर बसून पिंजऱ्याकडे बघत होता. पिंजऱ्यात जन्मलेल्याला रान काय ठाऊक? तिसऱ्या दिवशी दिसला नाही. लोकांना सांगितलं की विकला.

तुमच्या नराच्या उजव्या पायात गुंतुरच्या होती तशी तांब्याची कडी आहे का, बघाल? क्लातेनपासून वातेस लांब आहे, मला कळतं. तरी बघा.

लोभ मागायचा कुणी नि द्यायचा कुणी, तेच कळेनासं झालं आहे.

तुमची,
लास्मी


वातेस,
५ मे

चि. धिक लास्मी हिस,
अनेक आशीर्वाद. विशेष.

कडी नाही. स्टुलावर चढून, चष्मा पुसून नराचे दोन्ही पाय पाहिले. वेड्यासारखे मादीचेही पाहिले. आहे असं लिहून टाकावं, असं फार मनात आलं. पण खोटी निशाणं आता पुरे झाली.

तुझं पत्र आल्यापासून घराबाहेर पडलो नाही. शुक्रवारी मशिदीतही गेलो नाही. फाटकापाशी दोघं बोलत उभे दिसले तरी वाटतं, आपल्याबद्दलच बोलतात. आणि ते खरंच असणार. कार्नीला विचारलं, तर तिलाही सगळं ठाऊक होतं. बोलण्याआधी ती नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवते, मी तिच्या ओठांकडे बघावं म्हणून. मी आपला समजत होतो, म्हातारपणी माया वाढली. सांगितलं का नाहीस म्हणून तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली की सांगून तुम्हाला ऐकू आलं असतं का? 

स्पर्धेच्या मंडळाला पंचपदाचा राजीनामा पाठवला. त्यांचा माणूस निशाणं न्यायला आला होता, त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. अंड्यांतून दोन पिल्लं निघाली आहेत. ती उडाल्याशिवाय निशाणं निघत नाहीत. नर घशातून काहीतरी काढून त्यांना भरवतो तेव्हाही त्याचा गळा फुगतो, आणि मला मेल्याला तेव्हाही गाणं ऐकू येतं!

एकोणीस तारखेच्या रविवारी बांतुलला स्पर्धा आहे. निशाणं परत करायला मी स्वतः जाणार आहे आणि भोंग्यावरून सगळं सांगणार आहे. ट्रॉफ्यांबद्दल अवाक्षर काढणार नाही, तो तुझा आणि सुवार्नोचा प्रश्न. जमलं तर ये. नाही आलीस तरी समजेन.

तुझा,
प्रावोतो


वातेस,
२० मे

चि. धिक लास्मी हिस,
अनेक आशीर्वाद. विशेष.

पिल्लं दहा तारखेला उडाली. मागं राहिल्या दहा-बारा काड्या आणि विष्ठेनं बरबटलेली निशाणं. कार्नीनं तीनदा धुतली, पण लाल निशाणावरचा डाग काही जाईना. लाल म्हणजे सर्वांत वरच्या मानाचं. नेमकं तेच मला लागणार होतं.

काल मैदानावर सगळं सांगितलं. मला ऐकू येत नाही, तरी तीन वर्षं मी न्याय करत बसलो. सख्ख्या बहिणीच्या पक्ष्याला मुका म्हणालो, आणि मुका तो नव्हता, बहिरा मी होतो. मग गुंतुरच्या त्या सात नंबरच्या खांबापाशी गेलो. खांब रिकामा होता. त्याच्या बुडाशी डागाळलेलं लाल निशाण रोवलं आणि मागं वळून न बघता चालू लागलो. बघायची हिंमत नव्हती.

भोंग्यावर बोलताना तुझी हिरवी शाल गर्दीच्या टोकाला दिसली होती. म्हणून तुलाच विचारतो. मी बोलत असताना लोकांची तोंडं हलत होती. पूर्वीचा मी असतो तर मला हमखास वाहवा ऐकू आली असती. आता हलत्या तोंडांवर माझा विश्वास राहिला नाही. लोक हसत होते का? कार्नी घरीच होती, तिला विचारलं तर नुसता खांद्यावर हात ठेवते. तू मात्र खरं काय ते लिही.

लोभ असावा. एवढं आज लिहून बघतो.

तुझा,
प्रावोतो


क्लातेन,
२४ मे

ती. कांगमास यांस,
सा. न. वि. वि.

हसत होते. पुढचे तोंडावर हात ठेवून, मागचे उघड. मिरची लावून तळायचं कुणीतरी पुन्हा काढलं, तुमचेच शब्द.

तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा मी पिशवीतून दोन्ही ट्रॉफ्या काढल्या, तुमच्या निशाणाशेजारी ठेवल्या, आणि त्या कशा मिळाल्या ते मोठ्यानं सांगितलं. मग कुणी हसलं नाही. रडणं आवरेना म्हणून तशीच बसमध्ये जाऊन बसले, तुम्हाला गाठलं नाही.

लोभ आहे.

तुमची,
लास्मी