दाणे फिरतात तोवर

नाना, मेहरूणच्या घरात मी समुद्र आणून ठेवलाय. हसू नका. काचेची टाकी, खारं पाणी, चार मासे आणि एक जांभळं प्रवाळ, एवढाच तो समुद्र. माशांच्या घाणीने शेवाळ माजायचं, म्हणून बाजूला एक उभं नळकांडं लावलं. त्यात ज्वारीएवढे पांढरे दाणे, कुजणाऱ्या प्लास्टिकचे, पाण्याच्या जोरावर सारखे घुसळत असतात. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू ते दाणे खातात आणि त्यासोबत पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेटही फस्त करतात. दाणे झिजत जातात, खाणारा मात्र दिसत नाही. ते थोडे थोडे टाकायचे असतात. मी उतावळी, अख्खं पाकीट एकदम ओतलं.

तुम्ही गेलात हे आई आता पार विसरली आहे. चोपड्याच्या स्वयंपाकघरात ती ताट झाकून तुमची वाट बघत बसायची आणि तुम्ही आल्या आल्या चिडायचात, "तू जेवी ले ना, मनी वाट कसाले देखस?" तिने कधी ऐकलं नाही. या उन्हाळ्यात तिने जेवणच सोडलं. मग एका दुपारी नळकांड्यापुढे खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तुना नाना जेवी राहिनात. मनं ताट वाढ." मी ताट वाढलं. ती भाकरी खाते आहे, वर ठेचा मागते आहे, मी कशाला बोलू?

पाणी मात्र इतकं स्वच्छ झालं की प्रवाळाला खायलाच काही उरलं नाही. ते पांढरं पडू लागलं. दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, निम्मे दाणे काढून टाका." आई झोपलेली बघून मी काढले. त्या दुपारी तिने अर्धी भाकरी मोडून बाजूला ठेवली. "त्यास्ले आज भूक नही," म्हणाली, "मनं बी पोट भरी गयं." दुसऱ्या दिवशीही अर्धीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मी दाणे परत टाकले. प्रवाळ आता हाडासारखं पांढरं झालंय. मला त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं, पण आई जेवते.

हे लिहीत असताना ती मागे येऊन उभी राहिली. "नानासले लिखी राहिनी का? दे इकडे, मी देस त्यास्ले." मी कागदाची घडी करून मुठीत धरली. खरं सांगते नाना, तिने उत्तर आणून दिलं असतं तर, या भीतीने दिला नाही.