पाच वाद्यांचा मान

आश्विन शुद्ध द्वितीया

नाही म्हणजे नाही! नव्या सम्राटाचा दूत आज ताम्रपट घेऊन आला. तो उभं राहून, डोईवर पदर घेऊन ऐकायचा असतो. मी बसून ऐकला.

पट म्हणतो — गडाच्या दारात तिन्ही त्रिकाळ वाजणारी पाच वाद्यं आमच्या कृपेनं मिळाली, असं कबूल करा. मग गड तुमचा, वाद्यंही तुमची. नाहीतर महानवमीला दोन्ही काढून घेऊ.

कृपा! परवापर्यंत हा आमच्यासारखाच मांडलिक. सभेत ह्यांच्या मागे उभा राहायचा. जुन्या सम्राटाला, आपल्या धन्यालाच गिळून बसला! त्या धन्यासाठी लढताना हे गेले. आणि मी ह्याची कृपा मानू?

तृतीया

दुग्गय्या भावजी जेवताना म्हणाले, "वहिनी, वाजतंय तेच वाजणार. कुणाच्या नावानं, ते शिंगाला कळतं होय?"

"मला कळतं," म्हटलं.

भाकरी अर्धी टाकून उठले. उठू देत.

चतुर्थी

दूत तळ्याकाठी तंबू ठोकून बसलाय. शिंग, शंख, भेरी, तम्मट, घंटा — सगळं दुप्पट वेळ वाजवायला लावलं. झोपू नये मेल्यानं!

षष्ठी

सासूबाईंनी बोलावून घेतलं. "एवढी मिरवतेस, तर ही वाद्यं कशी आली तेही ऐक. मी नवी नवरी होते. तुझ्या सासऱ्यानं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांनाच दगा दिला, जुन्या सम्राटाला जाऊन मिळाला. त्याचं हे बक्षीस."

मग विचारलं, "त्याआधी दारात काय वाजायचं?"

"ढोल! मेंढपाळ आपण. वाघ आला, लुटारू आले, की ढोल. ऐकला की डोंगरातला प्रत्येक बाप्या भाला घेऊन धावायचा. तो कुणी दिला नव्हता गं. कातडं आपलं, हात आपले."

अष्टमी

रडले. रागानं.

महानवमी

पाचही वाद्यं मीच उतरवली आणि दूताच्या पुढ्यात ठेवली. "धन्याला सांग, ज्याची त्याला परत. गड मात्र कुणी दिलेला नाही."

भावजी ओरडले, "वहिनी, मारणार तुम्ही आम्हाला!"

कोठारातल्या ढोलावर काल नवं कातडं चढवून घेतलं होतं. तो दारात आणला. पदर खोचला, टिपरू उचललं. दूत पोट धरून हसला — "धनगरी ढोल! ह्यानं राज्य चालतं होय, राणी?"

मी वाजवत राहिले. हाताला फोड आले. डोंगर गप्प होता. फार भीती वाटली, खोटं कशाला लिहू? पण थांबले नाही.

दशमी

पहाटे समोरच्या डोंगरावरून ढोल वाजला. मग नदीपलीकडून. उजाडलं तेव्हा गडाखाली भालेच भाले. दूताचा तंबू नाही. भावजी आले. माझ्या हातातलं टिपरू मागून घेतलं.