खिळ्याचे श्वास

सोमवार, ४
आले एकदाची! वरच्या मजल्यावरची खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे ठोकलेले. पंक, म्हणजे आरडाओरडीचं रॉक, गाणारा खिळ्या बँड मोडल्यावर इथंच एकटा गाणी रेकॉर्ड करायचा. त्याच्या सत्तावीस कॅसेटी त्याच्या आईनं, काकूंनी, बुटांच्या खोक्यांत जपून ठेवल्यात. त्याला जाऊन वर्ष व्हायच्या आत त्यांतून मी अकरा गाण्यांचा अल्बम काढायचा. काकूंची अट एकच: काही कापायचं नाही, खोकलासुद्धा. मी मान डोलावली. आयांना असंच वाटत असतं.

बुधवार, ६
काय आवाज आहे! गिटार बेसूर, गळा फाटका, तरी जागचं हलवत नाही. खोट एकच. खिळ्याला दमा होता, त्यातच तो गेला, आणि प्रत्येक ओळीआधी लोहाराच्या भात्यासारखा श्वास घेतो. असे श्वास छाटायची आमच्या धंद्यात रीतच आहे. दिवसभर बसून कॉम्प्युटरवरच्या प्रतीतून छाटले, दोनशे बारा. तुकडे कायमचे पुसूनही टाकले. काकूंना काय कळतंय? आणि मूळ कॅसेटी आहेतच की.

गुरुवार, ७
दहा पायऱ्या चढले नि धाप लागली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, खा अजून बसून. हसता हसता ठसका लागला, तो पाच मिनिटं थांबेना.

शनिवार, ९
डॉक्टरीणबाईंच्या मते छाती स्वच्छ आहे. मग माझं एक वाक्य धड पुरं का होत नाही? शंका आली म्हणून मूळ कॅसेट लावली. तिच्यातही श्वास नाहीत. ओळीआधी नुसती शांतता, आणि त्या शांततेत माझा श्वास अडकतो. टेप बंद केली की सुटतो.
घाबरून काकूंना सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की त्याच्याकडे तेवढेच तर उरले होते गं. घेतलेस तसे परत दे.

सोमवार, ११
माइकपुढे बसून माझे श्वास भरतेय. एका जागी एक. कॅसेटवर लगेच तिथं त्याचा ऐकू येतो, खरखरीत. पण मी दिलेला माझ्याकडे परत येत नाही. छाती तेवढी आकसते. घरी जायचंय. जिना उतरवत नाही.

मंगळवार
एकशे साठ. नवऱ्याचा फोन आला. शब्द फुटला नाही. तो हॅलो हॅलो करत राहिला. लिहायला श्वास लागत नाही, म्हणून लिहितेय.

बुधवार
दोनशे चार. काकूंनी बाहेरून कडी घातली. म्हणाल्या, आठच राहिले, मग माझं पोर नीट गाईल. मी हात जोडले. त्यांनी दाराआडून माझी समजूत काढली, अगदी मायेनं—

टेप बंद केली. तरी गातोय.

दोनशे नऊ— हे मी दिले नाहीत, तोच घेतोय—

खिडकीखाली नवरा आलाय. हाका मारतोय.

दोनशे अकरा. एकच उरला. ओरडायला तेवढा पुरेल. ओळ सुरू व्हायच्या आत खिडकी उघडून मी—