क्लचचं झाकण

४ मार्च, सोमवार

बाईकचं फुटलेलं इंजिन माझ्या पुढ्यात आणून आदळलं! मालक म्हणाला, "जे धड निघेल ते काढ, धुऊन ठेव. बाकी भंगारात." दोन वर्षं झाली, चाकं आणि ब्रेक सोडून मला इथे कोणी कशाला हात लावू देत नाही. आज एकदम इंजिन? का म्हणून? खूश व्हायला पाहिजे होतं. नाही झालो.

आतला रॉड तुटून केसिंग, म्हणजे इंजिनाचं कवच, फोडून बाहेर आलाय. मूठ जाईल एवढं भोक. हे आमच्याच गॅरेजात दुरुस्त झालेलं. गाडी घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आठवड्यात दारात, शिव्या देत! मिस्त्री म्हणतो, ते इंजिनावर बसणाऱ्या लांब्यानं जोडून बंद केलं होतं. मालकानं लांब्याला सांगून टाकलंय — पुढच्या सोमवारपासून दुसरीकडे बघ.

म्हणजे इंजिनावरची जागा रिकामी होणार. आईला तर मी फोनवर कधीचाच सांगून बसलोय की मी इंजिनावर आहे.

५ मार्च, मंगळवार

लांब्या आणि मी एकाच खोलीत. दाढी करता करता म्हणाला, "आतलं सगळं मी बसवलं रे. क्लचचं झाकण तेवढं मिस्त्रीनं लावलं. मी जेवायला गेलो होतो."

मी नुसतं हूं केलं. पकडला गेलेला प्रत्येक जण जेवायलाच गेलेला असतो!

दिवसभर खोलणं चाललं. पिस्टनची कड वितळलीय. पिस्टन वरखाली होतो त्या बोअरमध्ये मांजरानं ओरबाडल्यासारख्या रेघा. रॉड जोडलेला असतो त्या क्रँकचं टोक निळं पडलंय — तेल मिळालं नाही की लोखंड असं निळं पडतं, एवढं मलाही कळतं. पण गिअर धड दिसतात. एकेक दात नखानं चाचपत बसलो. लांब्या येऊन मागे उभा. एक गिअर उचलून बाजूला ठेवला. "हा नको. दाताचा कोपरा गेलाय."

खरंच गेला होता. मला दिसला नव्हता. पण हा मला का सांगतोय? जागा माझ्या घशात जाणार आणि हा मलाच शिकवणार? काहीतरी डाव आहे.

६ मार्च, बुधवार

चांगले गिअर, क्लच प्लेटा, ऑइल पंप, क्लचचं झाकण, बाकीची झाकणं — कोणी बदलाबदली करू नये म्हणून सगळं पोत्यात बांधून खोलीवर आणलं, खाटेखाली सरकवलं. लांब्या हसून लोळला. "अरे, उशालाच घे की!" हसू दे.

८ मार्च, शुक्रवार

मिस्त्रीनं आज आपला अर्धा चहा मला दिला. मिस्त्रीनं! पाठीवर हातही ठेवला. म्हटलं, आता काय.

"काय काय निघालं?"

सांगितलं. ऑइल पंप पण धड आहे म्हटल्यावर चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "क्लचचं झाकण मला देऊन टाक. बाकी तू बघ."

"धुऊन देतो."

"धुवायचं नाही! तसंच दे."

मिस्त्री! जो पाना पुसून दिला नाही तर अंगावर फेकतो, त्याला तेलकट घाणेरडं झाकण तसंच पाहिजे? उद्या देतो म्हणालो. पंप धड, मग तेल गेलं कुठं?

९ मार्च, शनिवार

आज सुट्टी सांगितली, पोट बिघडलं म्हणून. खोलीत झाकण मांडीवर घेऊन बसलो.

पंपाचं तेल या झाकणातल्या बारीक भोकातून क्रँकला जातं. भोकाला तोंड लावून फुंकलं. हवा जाईना! तार घातली तर मऊ लागलं. टोकरत टोकरत बाहेर काढलं — करड्या रंगाचा अळीसारखा तुकडा. गम! सांध्यातून तेल गळू नये म्हणून लावतात तो. जास्त फासला की आत दबतो आणि वाळून बूच बसतं.

मग पोतं उलटं केलं. उरलेल्या सगळ्या सांध्यांवर कागदी पॅकिंग, वर ग्रीसचा पातळ हात. ते लांब्याचं. तो गम लावतच नाही. मिस्त्री त्याला त्यावरून "पातळ हाताचा" म्हणून चिडवतो. आणि झाकणाच्या कडेला? भिंतीला चुना फासावा तसा गम! मिस्त्रीला हल्ली जवळचं दिसत नाही. बोटानं चाचपून लावतो. चष्मा लाव म्हटलं की खेकसतो.

लांब्या खरं बोलत होता. जेवायलाच गेला होता गाढव!

१० मार्च, रविवार

मिस्त्री खोलीवर आला. लांब्या बाहेर कपडे वाळत घालत होता. झाकण दिलं.

"आत काही सापडलं का?"

"काय सापडणार?"

झाकण काखेत मारलं. मग म्हणाला, "शहाणा आहेस. पुढे जाशील."

तुकडा माझ्या खिशात होता. बोललो नाही! कशाला बोलू? लांब्या माझा भाऊ लागतो का? उद्या त्याच्या जागेवर मी. आईला सांगितलेलं खरं होईल.

लांब्यानं पिशवी भरली. त्याचा छोटा हातोडा माझ्या खाटेवर ठेवला. म्हणाला, "तुला लागेल. मालकाचा नाही, माझा आहे. चोरलाय म्हणून लपवून ठेवू नकोस."

जेवण गेलं नाही.

११ मार्च, सोमवार

सांगितलं. मालकाच्या टेबलावर तुकडा ठेवला, सगळं सांगितलं. लांब्या दारात पिशवी घेऊन उभा.

मालकानं तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत आहे मला. पण गिऱ्हाईक मिस्त्रीचं नाव ऐकून येतं, याचं नाही. जा, हात धू. याच्या जागेवर बस."

लांब्यानं ऐकलं सगळं. माझ्याकडे बघत होता.

बसलो.