हंसाकाकीवरचं इंग्रजी वाक्य

यवतमाळ, ता. १२ ऑगस्ट १९६१

लखीराम भियाले जमनीचा रामराम. याडीच्या पाया पडते, मायचा आशीर्वाद राहू दे.

मी मजेत आहे, जेवण पोटभर मिळते. फक्त इंग्रजीच्या बाईंनी डोकं खाल्लं. मी आली मास्तरीण व्हाले, अन् त्या रोज असे पाच शब्द देतात जे कोणी बोलतच नसन. वरून म्हणतात, "हसू येईल असं वाक्य करा, म्हणजे शब्द लक्षात राहील."

'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी. मी लिहिलं, आमचा बैल ऑब्स्टिनेट आहे, पण माझ्या भावापुढं तो गरीब वाटते. 'गॅरुलस' म्हणजे बडबडी. मी लिहिलं, हंसाकाकी इतकी गॅरुलस आहे की तिच्यापायी पाहुण्याची मोटर दोनदा चुकली. काकीले सांगू नको.

बाईंनी दोन्ही वाक्यं वर्गात वाचली. पोरी खूप हसल्या. मले वाटलं, आपल्या तांड्यालेच हसून राह्यल्या. मी रागानं उठून खोलीवर आली.

संध्याकाळी अकरा जणी वह्या घेऊन दारात. "जमने, आम्हालाही एकेक करून दे ना." तेव्हापासून माझे कपडे भिजत पडले अन् मी दुसऱ्यांच्या मामा-मावश्यांवर वाक्यं करून राह्यली. आज 'लोक्वेशस' आला. तोही बडबडाच. एका बडबडीले दोन शब्द कायले लागतात, तूच सांग.

याडीचा गुडघा कसा आहे? खरं लिही.

मीही एक खरं लिहिते. महिनाभर जेवताना माझ्या बाजूले कोणी बसत नव्हतं. आता पंगतीत माझ्यापाशी बसाले पोरी भांडतात.

सुखीभाभीले अन् लेकरांले माया.

तुझी बहीण,
जमनी