जबड्याचा कोपरा

३ मार्च, रविवार
अ‍ॅक्युपंक्चरच्या वर्गात नाव घातलं. बायकोचा जबडा दोन महिने आखडलाय. तोंडात जेमतेम एक बोट जातं. डॉक्टर म्हणतो, व्यायाम आणि धीर. धीर कुणाला आहे? पंधरा दिवसांत मीच बरी करणार. वर्गात सगळा गाळ. शेजारी एक न्हावी, अंगाला शेव्हिंग क्रीमचा वास. शी!

५ मार्च
जबडा सोडवायचा पॉइंट अगदी सोपा. दात आवळले की जबड्याच्या कोपऱ्यापुढे स्नायू फुगतो. तिथेच टोचायचं. आरशात पाहिलं. माझ्या जबड्याला कोपराच नाही, गाल संपला की थेट मान. आरसा भिकार आहे.

१० मार्च, रविवार
आज एकमेकांच्या तोंडावर पॉइंट शोधायचा होता. माझ्या वाट्याला एक पोस्टमन. दाढीत बिस्किटाचा चुरा, ओठाच्या कडेला लाळ. मी नाक दाबलं. तरी पेनने खूण केली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, इथे टोचलंत तर यांना फक्त डूल घालता येईल. सगळे फिदीफिदी हसले. न्हाव्याने माझा गाल चाचपला आणि डोळे मिटून पॉइंट दाखवला. दिवसभर लोकांची थोबाडं चोळतो, त्यात कसली आली विद्या? वर नंतर हात साबणाने धुतले. माझ्या गालाला लावलेले! उद्धट.

१४ मार्च, संध्याकाळी ६
बायकोवर प्रयोग. दात आवळ म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही सुई काढलीत तेव्हापासून आवळलेलेच आहेत. पहिली सुई उशीत गेली. ती ऐनवेळी हलली. दुसरी माझ्या अंगठ्यात. रक्ताचा थेंब आला, किळसवाणा. पुढे मी फरशीवर का पडलो होतो ते आठवत नाही. ऑफिसची दमणूक.

१७ मार्च, रविवार
मला न विचारता बायको वर्गात हजर. मॅडमनी न्हाव्याला पुढे बोलावलं. मी हरकत घेतली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. तो म्हणाला, "ताई, दात आवळा. हं, आता सोडा." सुई कधी गेली तिला कळलंही नाही. वीस मिनिटांनी तोंडात दोन बोटं गेली, मग हळूहळू तीन. तिच्या डोळ्यांत पाणी. पाया मी गुरुवारीच घातला होता, हे मी सगळ्यांना समजावून सांगत होतो. तेवढ्यात दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती मोकळ्या, खणखणीत आवाजात बोलली.
"अहो, आता तुम्ही तोंड मिटा."